गजाननची दुसरी फीत

माझी बदली रिले पोस्टवर झाली तेव्हा मी हवालदार होतो. हुकूम सकाळी मिळाला, दुपारी सामान बांधलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच खेचरांच्या तांड्याबरोबर चढायला लागलो. पोस्ट म्हणजे उत्तरेतल्या एका डोंगराच्या सोंडेवरची पत्र्याची झोपडी, अँटेनाचा एक उंच मास्ट, बॅटऱ्या भरायचा एक चार्जिंग सेट आणि चार माणसं. एका बाजूला खाली बेस, दुसऱ्या बाजूला दरीतल्या पुढच्या चौक्या. मधला डोंगर आडवा यायचा, म्हणून त्यांना रेडिओवर एकमेकांचा आवाज ऐकू जात नसे. आम्हाला दोघांचाही येई. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगणं, एवढंच आमचं काम. माझी बायको म्हणते की निवृत्त झालो तरी रायपूरच्या समता कॉलनीत मी अजून तेच काम करतो.

हे आता लिहायला बसलो ते भाच्यामुळे. प्रशांतची शंकर नगरात कचेरी आहे. कंपन्यांना माणसं हवी असली की तो निवडून देतो. उमेदवाराला कॉम्प्युटरपुढे बसवून दोन परीक्षा घेतात, एक बुद्धीची आणि एक स्वभावाची. कोण किती चालेल ते त्यावरून ठरवतात. फौजेत माणसं सांभाळली म्हणून तो मला अधूनमधून मुलाखतीला बसवतो. चहा फुकट मिळतो, एसीही असतो, मी जातो.

मागच्या महिन्यात एका गोदामासाठी सुपरवायझर निवडायचा होता. वर्षा नावाची एक मुलगी आली. खुर्चीत बसताच म्हणाली, "ये कुर्सी हिल रही है. रोज लोग बैठते हैं, कोई देखता नहीं क्या?" कुणी काही उत्तर द्यायच्या आत तिने कोपऱ्यातला पुठ्ठा फाडला, घडी करून पायाखाली सारला, खुर्ची हलवून पाहिली आणि मग परीक्षा दिली.

संध्याकाळी प्रशांत तिचा रिपोर्ट बाजूला सारून म्हणाला, "मामा, दिमाग ठीक आहे, मेहनती बी आहे. पण स्वभाव पाहा ना. झगडालू. हिले घेतलं तर पार्टी मलेच शिव्या देईल."

"काहून? खुर्ची हलते का आता?" मी विचारलं.

त्याला कळेना. मग मी त्याला गजाननची गोष्ट सांगितली. कचेरीतली पोरंपोरीही खुर्च्या ओढून जवळ बसली. तीच इथे लिहितो आहे.

लान्स नाईक, म्हणजे दंडावर एकच फीत असलेला, गजानन वानखेडे रायपूरजवळच्या अभनपूरचा. त्याचे आजोबा वर्ध्याकडून आलेले, वडिलांचं अभनपूरला सायकल दुरुस्तीचं दुकान. माझ्या गावाजवळचा माणूस इतक्या उंचीवर भेटला म्हणून पहिल्या दिवशी मी खूश झालो. त्याने माझी ट्रंक झोपडीत आणून ठेवली आणि म्हणाला, "उस्ताद, एवढं काय भरून आणलं? घर उचलून आणलं काय?" तिथून जो सुरू झाला तो थांबला नाही. चहा आला की म्हशी धुतल्याचं पाणी. डाळ आली की पाणी वेगळं, डाळ वेगळी. मास्टवर बर्फ साचलं म्हणून झाडायला सांगितलं तर म्हणे, "काहून मीच जाऊ? मास्ट काय माह्या बापानं लावला हाय?" पण हे बोलेपर्यंत त्याच्या बुटांचे बंद बांधून झालेले असत. मला एकदाही त्याला एखादं काम दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ऐकून घ्यावं मात्र भरपूर लागलं.

दुसरा सिग्नलमन पिल्लई. वय लहान, डोकं असं की बिघडलेला सेट उघडून नुसता पाहिला तरी कुठे काय गेलंय ते सांगे. नवीन काही असलं की त्याचा चेहरा उजळायचा. रोजचं तेच ते काम आलं की जांभया सुरू. चौथा आमचा स्वयंपाकी रामसिंग. त्याच्या चहाला गजानन रोज नावं ठेवायचा आणि तो रोज त्याला सगळ्यात मोठा मग भरून द्यायचा.

आमचा दिवस बॅटऱ्यांभोवती फिरे. कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा जीव निम्माही उरत नाही. शेगडीजवळ ठेवायची बंदी, कारण एकदा का फुटली की झोपडीच जायची. म्हणून हिवाळ्यात हुकूम होता की प्रत्येकाने जादा बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. गजानन यावर रोज भाषण द्यायचा. "लोकं रजाईत बायको घेऊन झोपतात. मी बॅटरी घेऊन झोपून राहिलो. सरकार पगार कशाचा देऊन राहिलं ते तरी सांगा."

हिवाळा सरत आला तेव्हा बेसवरून निरोप आला की आता याची गरज नाही, बॅटऱ्या फळीवर ठेवा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. गजाननला तेही पटलं नाही. "त्यांले खाली बसून काय समजते इथली थंडी?" असं म्हणत त्याने आपल्या दोन बॅटऱ्या पुन्हा स्लीपिंग बॅगमध्ये घातल्या. सकाळी उठला की गरम पाण्याची बाटली त्यांच्यामध्ये ठेवून वर चेन ओढायचा. झोपायला त्या असल्या तरी बोंब, नसल्या तरी बोंब. पिल्लई त्यांना गजाननच्या मुली म्हणायचा.

त्याच सुमारास बेसवरून आमच्या कॅप्टन सहगल वर आल्या. मॅडम मानसशास्त्र शिकून फौजेत आलेल्या. नाईकच्या, म्हणजे दोन फितींच्या, बढतीसाठी एकाच माणसाची शिफारस करायची होती. त्यांनी पिल्लई आणि गजानन या दोघांना प्रश्नांचे कागद दिले, तास दोन तास गप्पा मारल्या आणि नंतर मला बाहेर बोलावलं.

"ढोबळे, पिल्लई का दिमाग कमाल है."

"जी, मॅडम."

"वानखेडे का दिमाग ठीकठाक. काम में एक नंबर, ये तो कागज भी बोल रहा है. लेकिन मिलजुल के रहना? जीरो. नाईक बनेगा तो छोटी पोस्ट संभालेगा. ये रोज की किरकिर चार आदमी कैसे झेलेंगे?"

मॅडमचं म्हणणं काही चूक नव्हतं. बंद झोपडीत, महिनोन्महिने, एका माणसाच्या तोंडाने तिघांची डोकी फिरू शकतात. मी म्हणालो, आम्ही झेलतोय. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते.

त्या खाली उतरल्यावर गजानन माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "उस्ताद, यावेळी नाव गेलं नाही तर माही नोकरीची मुदत संपते. एका फितीवर घरी."

"मग? पेन्शन मिळेल. आराम कर."

"आराम कसचा? बाबूजीनं पुऱ्या पाऱ्यात, घरोघरी सांगून ठेवलं हाय का माहा पोट्टा नाईक झाला. पेढे बी वाटून दिले. मी सुट्टीवर जातो तं रायपूर स्टेशनवर वेटिंग रूममध्ये कपडे बदलतो अन् मंग अभनपूरची बस धरतो. वर्दी घालून कसा जाऊ? लोकं फिती मोजतीन ना."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. म्हाताऱ्याने मुलाच्या दंडावर स्वतःच एक फीत शिवून टाकली होती आणि मुलगा ती खरी करण्यासाठी इथे बर्फात बसला होता. हे त्याने मॅडमला सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

काही दिवसांनी थंडी परत उलटली. जाता जाता मागे वळून लाथ मारावी तशी. सकाळी चार्जिंग सेट सुरू होईना. दोरी ओढून ओढून आमचे खांदे गेले. पिल्लईने सेट उघडला आणि सांगितलं की तेलाच्या नळीत पाणी गोठलंय, ऊन निघाल्याशिवाय काही होणार नाही. मी बेसला कळवलं. रेडिओवर जी बॅटरी होती तिच्यावर काम चालू ठेवलं.

दुपारी, आम्ही जेवून भांडी घासत होतो तेव्हा हाक आली.

"रिले, रिले, अल्फा वन. उतार खिसक गया. एक जवान जख्मी. पैर टूटा है, खून रुक नहीं रहा. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

अल्फा वन म्हणजे दरीतल्या चौकीची गस्त. मी निरोप बेसला दिला. बेसवर माइकवर कॅप्टन सहगल स्वतः आल्या.

"रिले, हेलिकॉप्टर निकल रहा है. बादल आ रहे हैं, एक ही चक्कर मिलेगा. रिले, बीच में मत छूटना. ओव्हर."

"रॉजर. ओव्हर."

एवढं बोललो आणि सेटचा दिवा मंद झाला. बॅटरी बसली. पिल्लईने फळीवरची बॅटरी लावली. दिवा लागला आणि गेला. दुसरी लावली. तीही गेली. रात्रभर थंडीत पडून फळीवरच्या सगळ्याच गारठल्या होत्या. दरीत एक माणूस रक्त गाळत होता, हेलिकॉप्टर उडालं होतं, आणि त्या दोघांना जोडणारे आम्ही मुके झालो होतो.

गजानन काहीतरी बडबडत आपल्या पलंगाकडे गेला. स्लीपिंग बॅगची चेन ओढली आणि दोन्ही बॅटऱ्या छातीशी धरून घेऊन आला. हाताला कोमट लागत होत्या.

"घ्या. माह्या बायकोपेक्षा जास्त रात्री यांच्यासंग काढल्या मी."

सेटचा दिवा पेटला. मी अल्फा वनला हाक दिली. उत्तर आलं, पण तुटक. हेलिकॉप्टर उतरायला सपाट जागा हवी म्हणून ते जखमीला घेऊन खाली नाल्याकडे सरकले होते. चार शब्दांतला एक कानावर पडत होता. पिल्लईने डोळे मिटून दोन वेळा ऐकलं. मग उठलाच.

"उस्ताद, वो लोग चट्टान की आड़ में चले गए. हमारे मास्ट से नहीं दिखेंगे. सोंड की नोक से दिखेंगे. छोटा मास्ट वहाँ ले जाते हैं. केबल पहुँच जाएगी."

असं आम्ही कधी केलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही नव्हतं. त्याच्या डोक्यात ते तेवढ्या वेळात तयार झालं होतं. तो आणि गजानन अडीअडचणीसाठी ठेवलेल्या छोट्या मास्टचे सुटे नळ घेऊन वाऱ्यात पळाले. केबल दारातून आत आली. पण सोंडेच्या टोकाला जमीन म्हणजे काच. खुंटी ठोकली की उडून येई. मास्टला ताण द्यायला दोरी बांधायची कुठे? शेवटी एकच उपाय उरला की माणसाने मिठी मारून तो उभा धरायचा. पिल्लईला अँटेनाचं तोंड फिरवायचं होतं, मला बोलायचं होतं, रामसिंग दारातली केबल सांभाळत होता. राहिला गजानन.

आवाज स्वच्छ झाला. पिल्लई आत धावत आला आणि म्हणाला, उस्ताद, छोटा बोलना, बोलण्यातच बॅटरी जाते. मी दोन दोन शब्दांत बोलू लागलो. वारा टोकाकडून झोपडीकडे वाहत होता आणि दार केबलमुळे उघडं. त्यामुळे गजानन जे बोलत होता ते सगळं आत येत होतं. तो मास्टला, वाऱ्याला, बेसला, रामसिंगच्या डाळीला आणि मला आळीपाळीने शिव्या देत होता.

"रिले, ये पीछे कौन चिल्ला रहा है? ओव्हर."

"अँटेना, मॅडम. ओव्हर."

"रॉजर. चिल्लाने दो."

हेलिकॉप्टरचा पायलट आता बेसच्या मार्फत विचारू लागला. धूर कुठे, वारा कुठून, नाल्याची कोणती बाजू. मी अल्फा वनकडून घेत होतो, बेसला देत होतो. दरीवर ढग चढत होते. तेवढ्यात बाहेरचा आवाज थांबला.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा मी अर्ध्या वाक्यात दाराकडे वळलो. गजानन गप्प बसणं म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. माइक सोडता येत नव्हता. मी पिल्लईकडे पाहिलं. तो आधीच दाराबाहेर होता.

क्षणभराने तो परत आला तो हसू दाबत. "उस्ताद, ठीक है. एक हाथ से फिसल रहा था, तो रस्सी दाँत में पकड़ी है. बोल नहीं सकता. बहुत गुस्से में है."

अल्फा वनने सांगितलं, हेलिकॉप्टर दिसलं. मग नुसता पंख्याचा आवाज. मग, "पेशंट लोड. पेशंट लोड. ओव्हर." मी ते तसंच बेसला सांगितलं. हेलिकॉप्टर निघालं आणि पाठोपाठ सगळी दरी ढगात गेली. त्या जवानाचा पाय वाचला, तोही वाचला.

गजाननला आम्ही दोघांनी आत आणलं. बोटं मिठीच्या आकारातच राहिली होती, उघडत नव्हती. रामसिंगने चहाचा मग त्याच्या ओठांना लावला. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी हाय." रामसिंग तिथेच खाली बसून रडायला लागला. मीही तोंड दुसरीकडे फिरवलं. ती तक्रार ऐकून मला इतका आनंद झाला होता की साखरेचा डबा मी स्वतः उठून आणला.

ऊन पडल्यावर मॅडम पुन्हा वर आल्या. कागद तेच होते. त्यांनी मला विचारलं, "ढोबळे, किरकिर का क्या करें?"

"मॅडम, तो आवाज येतोय तोवर पोस्ट ठीक आहे समजायचं. बंद झाला की घाबरायचं."

त्या मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या की कागद तर पहिल्या दिवसापासून दोन्ही गोष्टी सांगत होता, आपणच एका रकान्यावर अडलो. शिफारस गजाननची गेली. पिल्लईला त्यांनी तांत्रिक कोर्ससाठी पाठवलं, आणि तेही बरोबरच होतं. रोज नवं कोडं मिळेल अशा जागी तो बसला आणि फुलला. त्याला रोज बॅटरी गरम ठेवायला लावली असती तर ती एक दिवस फळीवरच राहिली असती. गजाननला कोर्सला धाडलं असतं तर मास्तरच पळून गेला असता.

गजाननला दुसरी फीत मिळाली तेव्हा आम्हा दोघांना एकदमच सुट्टी लागली. रायपूर स्टेशनवर गाडीतून उतरलो. वेटिंग रूम आली. तो तिच्याकडे न पाहता पुढे निघाला, वर्दीत, छाती काढून. अभनपूरच्या बसमध्ये तासभर वर्दी किती गरम होते यावर बोलत होता. स्टँडवर वडील उभे होते. मुलाच्या दंडाकडे त्यांनी जराही चकित होऊन पाहिलं नाही. शेजारी कुणीतरी म्हणालं, वा, दोन फिती. बाबूजी शांतपणे म्हणाले, "दोन वर्षांपासून हायेत." गजाननने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं पानठेल्यामागे जाऊन पोट धरून हसलो.

प्रशांतने वर्षाला त्या गोदामात लावून दिलं. परवा त्याचा फोन आला. "मामा, पयल्याच दिवशी तिनं कंप्लेंट केली. म्हणे गोदामाचं मागचं शटर नीट उघडत नाही, आग लागली तं लोकं निघतीन कसे."

"मग?"

"मग काय, स्वतःच मिस्त्री बोलावून आणला. पार्टी खूश आहे."

कचेरीतल्या पोरांनी मला विचारलं होतं, गजाननभैया आता कुठे असतात? त्या दिवशी मी विषय बदलला. इथे सांगतो.

दुसरी फीत लागल्यावर त्याला स्वतःची पोस्ट मिळाली. त्याच्या हाताखालची पोरं दुसरीकडे बदली मागत नसत, हे मॅडमनीच मला नंतर सांगितलं. एका हिवाळ्यात मास्ट पडला. त्याने कुणाला पाठवलं नाही, बडबडत स्वतःच निघाला. वरचा बर्फाचा उतार सुटून त्याच्यावर आला. मी तेव्हा दुसऱ्या युनिटमध्ये होतो. पिल्लईचा फोन आला, "उस्ताद, गजानन नहीं रहा." मी परेड ग्राउंडच्या कडेला बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

दरवर्षी तो गेला त्या तारखेला आम्ही अभनपूरला जातो. पिल्लई बंगळुरूहून येतो, रामसिंग त्याच्या गावाहून येतो. बाबूजी आता फार थकले आहेत, पण त्या दिवशी चहा स्वतः करतात. भिंतीवर गजाननचा वर्दीतला फोटो आहे, दोन्ही फिती दिसतील असा काढलेला. पहिल्या वर्षी आम्ही तिघं त्या फोटोखाली खाली मान घालून बसलो होतो. चहा आला. आम्ही घोट घेतले आणि छान झालाय म्हणालो. बाबूजी नुसते बशीकडे बघत राहिले. घर इतकं शांत होतं की मला बाहेरचा आवाज थांबला होता ती दुपार आठवली. मी कप खाली ठेवला.

"बाबूजी, साखर कमी हाय."

"अदरक भी नहीं है," पिल्लई म्हणाला.

"और पानी बहुत डाला है," रामसिंगने म्हटलं.

बाबूजींनी मान वर केली. आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, मग फोटोकडे. तेव्हापासून दरवर्षी ते मुद्दाम साखर कमीच घालतात आणि आमच्या तोंडाकडे बघत बसतात.

"हव," त्या दिवशी ते म्हणाले होते. "आता आला माहा पोट्टा." आणि साखरेचा डबा आणायला उठून आत गेले.